लघवीच्या पिशवीतली नीळ: किडनीच्या आजारात ट्रिप्टोफॅन, आतडं आणि हृदय कसं सांभाळायचं

कॅथेटर लावलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या आणि पोट साफ न होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची लघवीची पिशवी कधीकधी चक्क जांभळी होते. ताजी लघवी बहुधा पिवळीच असते, रंग चढतो तो नळीच्या आणि पिशवीच्या प्लास्टिकला. घरचे घाबरतात, पण हा रंग फार जुना आणि माणसाच्या ओळखीचा आहे. निळीच्या झाडापासून काढायचे तोच इंडिगो, सोबत थोडा तांबडा इंडिरुबिन. दोघं मिळून जांभळा.

हा रंग आला कुठून, ते पाहिलं की पुढचं सगळं पथ्य समजतं. डाळ, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. लहान आतड्यात पचायचं राहिलेलं ट्रिप्टोफॅन मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जिवाणू त्याचं इंडोल करतात, इंडोल रक्तातून यकृतात जातं आणि यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट बनवतं. ते किडनीने लघवीत टाकायचं असतं. पिशवीत साचलेल्या लघवीत जंतू वाढले की ते सल्फेटचा तुकडा तोडतात आणि नीळ उघडी पडते. (अशी पिशवी दिसली तर कॅथेटर आणि पिशवी बदलून घ्या, लघवीच्या संसर्गाबद्दल डॉक्टरांशी बोला आणि पोट साफ करण्याकडे बघा. जांभळा रंग स्वतः काही करत नाही.)

किडनी धड असताना हे रसायन येतं तसं निघून जातं. ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाजी आकडा) उतरत गेला की ते रक्तात साचतं आणि साचून गप्प बसत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींत एएचआर नावाचा रिसेप्टर असतो. इंडॉक्सिल सल्फेट त्याला जाऊन भिडलं की पेशी टिश्यू फॅक्टर जास्त बनवतात, आणि रक्त गोठण्याची सुरुवात तिथूनच होते. शिवाय अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी सोडतं, वाहिनी ताठरते, भिंतीत कॅल्शियम बसायला मदत होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, १३९ किडनी रुग्णांच्या एका फ्रेंच अभ्यासात ज्यांच्या रक्तात हे जास्त होतं त्यांच्या महाधमनीत कॅल्शियम जास्त सापडलं आणि मृत्यूही जास्त झाले. आजाराच्या मधल्या टप्प्यातल्या बहुतेकांना डायलिसिसच्या आधी हृदयाचा धोका गाठतो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

ट्रिप्टोफॅनची दुसरी, खरं तर सगळ्यात मोठी वाट क्विन्यूरेनिनची. शरीरात वापरल्या जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनचा ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा तिकडे जातो. शरीरात कुठेही दाह धुमसत असला की ही वाट अधिकच वाहते. किडनीच्या आजारात एकीकडे दाह आणि दुसरीकडे अडलेला निचरा, म्हणून रक्तात ट्रिप्टोफॅन कमी आणि क्विन्यूरेनिन जास्त असं उलटं चित्र दिसतं. सेरोटोनिन, ज्याच्यामुळे ट्रिप्टोफॅनचं नाव लोकांना माहीत असतं, त्याच्या वाट्याला एखाद-दोन टक्केच येतात.

ट्रिप्टोफॅन बंद करायचं का?

नाही. ते शरीर बनवू शकत नाही, मोठ्या माणसाला रोज किलोमागे सुमारे ४ मिलिग्रॅम लागतंच. ६० किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. आहारातल्या प्रथिनांत साधारण एक टक्का किंवा थोडं वर ट्रिप्टोफॅन असतं. म्हणजे रोज ४८ ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्याच्या पोटात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. ते निम्म्यावर आणायला प्रथिनं निम्मी करावी लागतील, आणि मग स्नायू झडतील. शिवाय क्विन्यूरेनिनच्याच वाटेवर पुढे शरीर नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम. ही वाट अडली की काय होतं ते दख्खनने पाहिलं आहे. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा (नायसिनच्या कमतरतेचा आजार) दिसायचा, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसीन या अमिनो आम्लाशी जोडला होता. आज ज्वारीबरोबर डाळ-दूध खाणाऱ्याने भाकरीला घाबरायचं कारण नाही. उलट या पथ्यात भाकरी कामाचीच आहे, ते पुढे येईलच.

तेव्हा हातात काय उरतं? प्रथिनं गरजेइतकीच ठेवायची, ती मोठ्या आतड्यात न पचता जाण्याचं प्रमाण कमी करायचं, तिथल्या जिवाणूंना प्रथिनांऐवजी चोथा (फायबर) खायला द्यायचा, मळ आतड्यात दिवसेंदिवस पडू द्यायचा नाही, आणि हृदयाचे जे धोके औषधाने निश्चित कमी होतात ते सोडून रसायनांच्या मागे लागायचं नाही. पुढचं सगळं प्रौढ रुग्णांसाठी आहे. मुलं, गरोदर स्त्रिया आणि किडनी बदललेले रुग्ण यांचं गणित वेगळं.

आधी फाइल उघडा

इंडॉक्सिल सल्फेटची तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. आतड्यातल्या जिवाणूंची ‘जीनोमिक’ तपासणी करून आहार सांगणाऱ्या महागड्या किटचा इथे उपयोग शून्य. कागदावर मांडून ठेवायचे आकडे हे: क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर, लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, पोटॅशियम, बायकार्बोनेट, फॉस्फरस, सीरम अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, लिपिड प्रोफाइल. तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर ६० च्या खाली किंवा रेशो ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर, म्हणजे जुनाट किडनी विकार. रेशो ३०० च्या वर असेल तर क्रिएटिनिन बरं दिसत असलं तरी हृदयाच्या बाबतीत सावध व्हा.

यातला पोटॅशियमचा आकडा नीट बघा, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होते. पोटॅशियम ४.५ असताना कोणीतरी दिलेला ‘किडनी डाएट’चा छापील कागद भिंतीला लागतो, भाज्या-फळं-डाळी एकदम बंद होतात आणि ताटात भात, पोळी आणि बटाट्याचं उकळून पाणी काढलेलं भरीत उरतं. चोथा संपला, पोट बांधलं, आणि जिवाणूंच्या हाती फक्त प्रथिनं राहिली. पोटॅशियम वाढलेलं नसेल तर पोटॅशियमचं पथ्य नको. ५ च्या वर जायला लागलं की डॉक्टरांशी बोलून भाजी निवडायची, बंद करायची नाही.

प्रथिनांचा हिशोब

डायलिसिस सुरू नसेल आणि ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं. १.३ च्या वर तर जाऊच नये. वजन धरायचं ते सूज नसतानाचं. पाय सुजलेल्या माणसाचं ६६ किलो वजन धरून हिशोब केला तर सहा किलो पाण्यालाही प्रथिनं खाऊ घातली जातात. वजन फार जास्त असेल तर कोणतं वजन धरायचं ते आहारतज्ज्ञांना विचारा.

६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. घरच्या ताटात ते असे बसतात (सगळी वजनं कच्च्या जिन्नसाची):

सकाळी ४० ग्रॅम पोह्यांतून ३ ग्रॅम, दिवसभरात २०० मिलिलिटर गाईच्या दुधातून साडेसहा, दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून, म्हणजे १०० ग्रॅम पिठातून, १० ग्रॅम. ४० ग्रॅम डाळीच्या वरणातून ९, ६० ग्रॅम तांदळातून पावणेपाच, १०० ग्रॅम दह्यातून ३. रात्री तीन फुलक्यांतून, ७५ ग्रॅम कणकेतून, ८. दिवसभरातल्या ३०० ग्रॅम भाज्यांतून चार-साडेचार. बेरीज ४८ च्या आगेमागे.

या ताटात मांस, मासे, पनीर, अंडं नाही हे लक्षात आलं असेल. ते हवं असेल तर काहीतरी निघालं पाहिजे. एक अंडं घेतलं तर ६ ग्रॅम आले, मग दूध काढा. बांगड्याचा १०० ग्रॅमचा तुकडा घेतला तर जवळजवळ २० ग्रॅम आले, त्या दिवशी डाळ, दूध आणि दही तिन्ही गेले. रविवारी मटणाचं भरगच्च ताट आणि मग दोन दिवस पेज, हा हिशोब सरासरीत बसतो, आतड्यात बसत नाही. एका वेळी जितकी जास्त प्रथिनं, तितका न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जास्त जातो. प्रथिनं दोन-तीन जेवणांत विभागून खा.

किचनचा छोटा डिजिटल काटा आठवडाभर वापरा. वाटीचा भरवसा नाही. घट्ट वरण आणि पातळ आमटी दोन्ही ‘एक वाटी’च असतात, पण एकात डाळ दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते. डाळ शिजवण्याआधी तोला, आठवडाभरानंतर हाताला अंदाज येतो.

दुसरी गफलत उष्मांकांची. वरच्या ताटात साधारण २५ ग्रॅम तेल-तूप आणि थोडी साखर धरून १६५० च्या आसपास कॅलरी होतात. किलोमागे २५ ते ३५ लागतात, म्हणजे ६० किलोला किमान १५००. प्रथिनं कमी करताना पोटभर खाणंही कमी झालं तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, युरिया वाढतो, आणि लोक समजतात पथ्य अजून कडक करायला हवं. मधुमेह नसेल तर कमी प्रथिनांचा उष्मांक म्हणून साबुदाणा चांगला. साबुदाण्यात प्रथिनं आणि पोटॅशियम जवळजवळ नाहीत. खिचडीतला गुन्हेगार दाण्याचा कूट. ५० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेबारा ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. कूट एक चमचा घाला, तूप-जिरं-मिरचीने चव आणा.

खरंच किती खाल्लं ते लघवी सांगते

डायरीत लोक खोटं लिहीत नाहीत, विसरतात. २४ तासांची लघवी विसरत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा, समजा सहा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची लघवीसुद्धा. डबा थंड जागी. शौचाला जाताना आधी डब्यात लघवी करून घ्या, नाहीतर तीच हमखास निसटते. एक वेळ जरी चुकली तरी आकडा खाली येतो आणि तुम्ही कमी खाता असं खोटं समाधान मिळतं. डायलिसिस सुरू नसलेल्या, वजन स्थिर असलेल्या माणसासाठीच हे गणित.

लॅबकडून ‘युरिया नायट्रोजन’ ग्रॅममध्ये मागा. त्यात वजन गुणिले ०.०३ मिळवा, येईल त्याला ६.२५ ने गुणा. ६० किलोच्या माणसाच्या लघवीत ६ ग्रॅम आले, तर ६ अधिक १.८ म्हणजे ७.८, गुणिले ६.२५ म्हणजे ४८.७५ ग्रॅम. पथ्य जमलं. ११ ग्रॅम आले तर ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जात आहेत, कागदावर काहीही लिहिलेलं असो. रिपोर्टवर नुसता ‘युरिया’ असेल तर त्याला आधी २.१४ ने भागा. हा भागाकार विसरला की प्रथिनं दुप्पट दिसतात आणि घरात उगाच रणकंदन होतं.

चोथा, पण पोटॅशियम सांभाळून

जिवाणूंना पिष्ट आणि चोथा मिळाला की ते ट्रिप्टोफॅनला कमी हात लावतात, त्यातला काही भाग स्वतःच्या वाढीसाठी वापरून मळातून बाहेर नेतात. डायलिसिसवरच्या रुग्णांवरच्या २०१४ च्या एका चाचणीत सहा आठवडे न पचणारं पिष्ट दिल्यावर रक्तातलं मोकळं (प्रथिनाला न चिकटलेलं) इंडॉक्सिल सल्फेट सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. प्रोबायोटिकच्या पुड्यांची कथा इतकी चांगली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या ‘सिनर्जी’ चाचणीत प्रीबायोटिक-प्रोबायोटिक एकत्र दिल्यावर पी-क्रेसिल सल्फेट नावाचं त्याचं भावंड कमी झालं, पण इंडॉक्सिल सल्फेटमध्ये ठोस फरक पडला नाही. महिन्याला हजार रुपये कॅप्सूलवर घालण्यापेक्षा ज्वारी आणा.

१०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत थोडा जास्त, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. एकवेळचा भात काढून दोन भाकऱ्या घेतल्या की सात-आठ ग्रॅमची भर पडते. भाकरीत फॉस्फरस जास्त म्हणून ती बंद करायला सांगितली जाते. पण धान्यातलं फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतं आणि त्याचा बराच भाग शोषला जात नाही. कोल्ड्रिंक, प्रक्रिया केलेलं चीज, पॅकबंद मांसाचे पदार्थ यांत घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. फॉस्फरस वाढलंय तर आधी ते काढा. कणीक चाळून कोंडा टाकू नका.

भात थंड होताना त्यातलं थोडं पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं, म्हणून फ्रिजमधल्या भाताचा दहीभात किंवा फोडणीचा भात चालतो. फरक थोडाच पडतो. मात्र भात शिजल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस वाढतो आणि नुसतं गरम केल्याने त्याचं विष जात नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होणं किडनीला चोथ्याच्या फायद्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी, फरसबी. फळांत सफरचंद सालीसकट, पेअर, अननस. पोटॅशियम वाढलेलं असेल तर बटाटा, रताळं, सुरण, पालक, टोमॅटोचा रस्सा, केळं, चिकू, मोसंबीचा रस आणि नारळपाणी बाजूला. अशक्तपणा आला म्हणून किडनीच्या रुग्णाला शहाळं नेऊन देण्याची पद्धत प्रेमाची असली तरी धोक्याची. कमरख (स्टार फ्रूट), ज्याला कोकणात करमळ म्हणतात, ते तर कधीच नको. किडनी कमजोर असलेल्याला त्याने न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, फिट्स येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. सरबत, लोणचं, काहीही नको.

भाजीतलं पोटॅशियम काढायचं तर नुसती पाण्यात भिजत घालून फारसं काही होत नाही. साल काढा, बारीक चिरा, भाजीच्या किमान पाचपट पाणी घ्या, दहा मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, मग फोडणी. बटाट्याच्या बारीक फोडींतून असं केल्यावर निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघतं. कुकरमध्ये वाटीभर पाण्यात शिजवून तेच पाणी रश्शात घातलं तर काहीच निघालेलं नसतं.

चोथा हळू वाढवा, दर आठवड्याला चार-पाच ग्रॅम. एकदम वाढवला की पोट फुगतं आणि रुग्ण तिसऱ्या दिवशी सगळं सोडून देतो.

पोट

किडनीच्या रुग्णाचं पोट बांधायला कारणं भरपूर: लोहाच्या गोळ्या, फॉस्फेट कमी करणाऱ्या गोळ्या, पाण्यावर बंधन, हालचाल कमी, मधुमेहाने सुस्तावलेलं आतडं. मळ जितका जास्त वेळ आत, तितकं इंडोल जास्त. कॅलेंडरवर रोज खूण करा आणि मळाचा प्रकार लिहा. बकरीच्या लेंड्यांसारखा सुटा-कडक म्हणजे आतड्यात फार वेळ राहिलेला. केळ्यासारखा मऊ, सलग आणि जोर न करता होणारा, रोज किंवा फार तर एक दिवसाआड, हे लक्ष्य.

इसबगोल एक ते दोन चमचे, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, इतर औषधांपासून दोन तास दूर. हे पाणी दिवसाच्या मापात धरायचं. डायलिसिसवर असल्यामुळे दिवसाला लिटरभरच पाणी असेल आणि पेलाभर पाणी देणं परवडत नसेल तर इसबगोल घेऊच नका, कमी पाण्यात ते आतड्यात गोळा होऊन अडकतं. अशा वेळी डॉक्टर लॅक्टुलोज देतात, सहसा रात्री १५ ते ३० मिलिलिटर. ते मोठ्या आतड्यात जिवाणूंचंच खाद्य होतं आणि तिथली आम्लता वाढवतं. पहिले चार दिवस गॅस होतो, मग बसतो.

मॅग्नेशियमची दुधाळ पातळ औषधं आणि फॉस्फेटचा एनिमा किडनीच्या रुग्णाला चालत नाहीत, दोन्ही क्षार रक्तात साचतात. औषधाच्या दुकानात ‘साधं पोट साफ व्हायचं द्या’ म्हटलं की हीच बाटली समोर येऊ शकते, म्हणून किडनीचा आजार आहे हे आधी सांगा.

कोळशाच्या गोळ्यांबद्दल हमखास विचारतात. जपानमध्ये १९९१ पासून एएसटी-१२० नावाचा खास गोल दाण्यांचा कोळसा किडनीच्या रुग्णांना देतात, तो आतड्यातच इंडोल शोषतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर रुग्णांच्या ‘एपिक’ चाचण्यांत किडनीचा ऱ्हास त्याने ठरल्याइतका मंदावला नाही. साधा चारकोल स्वतःच्या मनाने घेतला तर तो बीपीची आणि हृदयाची औषधंही शोषून घेतो.

डब्यांवरची नावं वाचा

झोपेसाठी किंवा मूडसाठी विकल्या जाणाऱ्या एल-ट्रिप्टोफॅन आणि फाइव्ह-एचटीपीच्या गोळ्या नकोत. जिमचा व्हे प्रोटीनचा एक स्कूप म्हणजे २०-२५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे वरच्या हिशोबाचा निम्मा दिवस. बी-६ जीवनसत्त्व क्विन्यूरेनिनच्या वाटेवर लागतं हे खरं, म्हणून कोणी जास्त मात्रेच्या गोळ्या घेतं. रोज १०० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ घेतलं तर पायाच्या नसा बधिर होऊ शकतात.

‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीवाल्या शेजाऱ्याला चांगलं, किडनीच्या रुग्णाला हृदय थांबवणारं ठरू शकतं.

हृदयाची बाजू

इंडॉक्सिल सल्फेट कमी केलं की हार्ट अटॅक टळतात, असं अजून कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही. बीपीची औषधं, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन आणि (डापाग्लिफ्लोझिनसारखी) एसजीएलटी-२ गटाची औषधं यांच्याबद्दल ते दाखवलेलं आहे. भाकरीच्या नादात गोळी चुकवली तर सौदा तोट्याचा.

पन्नाशी ओलांडलेल्या आणि ईजीएफआर ६० च्या खाली असलेल्याला, डायलिसिस सुरू होण्याआधी, कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असलं तरी स्टॅटिन द्यावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या चिठ्ठीत नसेल तर विचारा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपल्यापासून ते बरंच स्वस्त झालं आहे, आणि मधुमेह नसलेल्या किडनी रुग्णांनाही दिलं जातं. उलट्या-जुलाब, ऑपरेशन किंवा कडक उपवास असेल तर त्या दिवसांत ते थांबवायचं का, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिन मात्र ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून मनाने सुरू करू नका, या आजारात रक्तस्रावाचा धोकाही वाढलेला असतो.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, एक सपाट चहाचा चमचा. घरची पुडी मोजणं सगळ्यात सोपं. चौघांच्या घरात किलोची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर झालं, पापड, लोणचं, फरसाण, पाव आणि सुकट वेगळी.

बीपी घरी मोजताना आधी पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, कफ उघड्या दंडावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढा. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली शीर-धमनीची जोडणी) असलेल्या हातावर कधीही नाही, पुढे फिस्टुला करायचा ठरला असेल तर त्या हाताच्या शिराही सुईपासून जपा.

क्विन्यूरेनिनच्या वाटेसाठी करण्यासारखी एक गोष्ट लोक सोडूनच देतात: दात. हिरड्यांतून रोज रक्त येणं म्हणजे शरीरात रोजचा दाह. सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जा, मधुमेही असाल तर रात्री पायाचे तळवे बघा, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकस आणि फ्लूच्या लसी वेळेवर घ्या.

डायलिसिस सुरू झालं की

पथ्य उलटतं. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोला ६० ते ७२. जुना कागद भिंतीवरून काढून टाका. कित्येक घरांत तो तसाच राहतो आणि अल्ब्युमिन घसरत जातं. आता अंडं, मासे, पनीर परत ताटात येतात.

डायलिसिसने युरिया एका बैठकीत ६५-७० टक्के उतरतो, इंडॉक्सिल सल्फेट मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. कारण त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेला असतो, आणि अल्ब्युमिन मशीनच्या जाळीतून जात नाही. किडनीचं काम गाळण्याचं नसतं फक्त. तिच्या नलिकांतले ओएटी-१ आणि ओएटी-३ हे वाहक चिकटलेला रेणू ओढून काढतात आणि लघवीत टाकतात. हे मशीनला जमत नाही. म्हणून डायलिसिसवर असतानाही दिवसाला कपभर लघवी होत असेल तर ती मौल्यवान आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी ती जाते. गुडघ्यासाठी काय घ्यायचं ते नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. डायलिसिस चालू असताना बीपी पडू देऊ नका. त्यासाठी दोन बैठकींमधलं वजन मापात ठेवा, आणि बैठकीआधी बीपीची गोळी घ्यायची की नाही ते विचारून घ्या. महिन्यातून एकदा, दोन बैठकींच्या मधल्या दिवशी, २४ तासांची लघवी मोजून आकडा फाइलवर लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. ४०० मिलिलिटरवरून १५० वर आली असेल तर त्याच दिवशी कारण शोधायला लागा.